डझनाला साठ डॉलर

(स्थळ : एडिसन, न्यू जर्सी. वेळ : नवरात्रातल्या शनिवारची सकाळ. दोन परसांच्या मध्ये छातीपर्यंत येणारं लाकडी कुंपण. अलीकडे काकू, पुण्याहून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. हातात पानं ओढायचं दाताळं. पलीकडे शेजारीण, हातात कॉफीचा मग.)

शेजारीण : काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या निळ्या दारवालीनं डझनाला ६० डॉलर सांगितले!

काकू : साठ? कशाचे गं? हापूस आलाय की काय?

शेजारीण : ऑक्टोबरात कुठला हापूस! कुकीजचे. फॉलचा सेट करते ती. मेपलचं पान, भोपळा, ओकचं फळ, सूर्यफूल. वर रॉयल आयसिंगची नक्षी.

काकू : म्हणजे बिस्किटंच ना? साठ डॉलर म्हणजे पाच हजार रुपये झाले की! तेवढ्यात मी अख्ख्या सोसायटीला शंकरपाळी घातली असती. घेतंय कोण ती?

शेजारीण : तीच तर गंमत. मागच्या गल्लीतल्या त्या बाई नाहीत का, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत...

काकू : पैठणी नेसून पायात बुटं घालतात त्या?

शेजारीण : त्याच! नातीच्या वर्गात वाटायला तीन डझन हव्यात त्यांना. भाव ऐकला आणि म्हणाल्या, "अगं, आपण आपली मराठी माणसं, घरचा भाव सांग की!"

काकू : पोचला का तो घरचा भाव इथवर! मी पुण्यात कितीतरी वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. घरचा भाव मागणारी एक बाई कधी घरच्यासारखी चकल्या पाडायला आली नाही. पण थांब. बाजू कुणाची घ्यायची ते मागाहून बघू. साठ डॉलर कशाकशाचे ते आधी कळू दे. तू जातेस ना तिच्याकडे शनिवारी शिकायला? सांग, सामान काय लागतं?

शेजारीण : कुकीला २२५ ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, तीन कप मैदा म्हणजे साधारण ३६० ग्रॅम, एक अंडं, व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ. त्यात दोन डझन मध्यम आकाराच्या होतात.

काकू : सोडा नाही, बेकिंग पावडर नाही?

शेजारीण : नाही, किंवा अगदी नावाला. या कुकीनं फुगायचंच नसतं. फुगली की मेपलच्या पानाची टोकं बोथट होतात आणि ओळखू येत नाही पान आहे की बेडकाचा पाय. म्हणून पीठ मळलं की लगेच दोन कागदांमध्ये घालून पाव इंच जाड लाटायचं आणि लाटलेलंच फ्रीजमध्ये ठेवायचं. थंड झालं की साच्यानं कापायचं, कापलेले तुकडे परत दहा मिनिटं फ्रीझरमध्ये. मग ३५० फॅरनहाइटला दहा-बारा मिनिटं भाजायचं.

काकू : एवढा थंडावा कशाला?

शेजारीण : गार लोणी उशिरा वितळतं. तोवर कडेचा मैदा आकार धरून बसतो. पीठ कोमट असलं तर लोणी आधी पळतं आणि आकार त्याच्याबरोबर जातो. भाजून झाल्यावरही कुकी पूर्ण गार होऊ द्यायची. घाई केली की लोणी वर चढतं आणि आयसिंगवर तेलकट डाग पडतात.

काकू : पण तीन कप मैदा, लोणी, साखर हे काही महागडं प्रकरण नाही. बिस्किट साधंच आहे गं.

शेजारीण : साधंच आहे. इथून तास-सव्वा तासावर पेनसिल्व्हेनियात नाझरेथ नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक तिथं येऊन राहिले. शुगर कुकी त्यांच्याच चुलीवरची असं सांगतात. २००१ मध्ये पेनसिल्व्हेनियानं तिला राज्याची कुकी म्हणून मान दिला. मूळची ती गोल, लोण्याची आणि वर काही नाही. सगळी किंमत वाढते ती वरच्या आयसिंगनं.

काकू : ते काय असतं? पिठीसाखर आणि पाणी?

शेजारीण : आणि अंड्याचा पांढरा.

काकू : अगं, घट बसलेत घरात!

शेजारीण : तुम्हाला खायला कुठं सांगतेय? नुसतं ऐका. पूर्वी ताजा पांढरा भाग फेटायचे. आता विकायचं तर कच्चं अंडं नकोच, साल्मोनेलाची भीती. म्हणून मेरिंग पावडर मिळते, म्हणजे वाळवून भुकटी केलेला पांढरा. एक पौंड पिठीसाखरेला तीन टेबलस्पून पावडर आणि पाच-सहा टेबलस्पून कोमट पाणी. मशीनवर सात ते दहा मिनिटं फेटलं की घट्ट, चमक गेलेलं, शेंडी उभी राहील असं आयसिंग होतं. आणि भांड्याला तुपाचा हात लागलेला असला तर सगळं फुकट.

काकू : तुपानं काय बिघडलं?

शेजारीण : अंड्यातली प्रथिनं हवेच्या बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात, म्हणून फेस उभा राहतो. तूप, तेल, अंड्याचा पिवळा, काहीही स्निग्ध आत गेलं की तो पापुद्रा धरतच नाही. निळ्या दारवाली प्लॅस्टिकचं भांडं वापरूच देत नाही. प्लॅस्टिकला कितीही घासा, तेलाचा अंश राहतो. स्टीलचं घ्यायचं आणि तेही आधी व्हिनेगरनं पुसून. परवा एकजण तिच्याकडे आली, हाताला क्रीम लावून...

काकू : घरी पाठवली?

शेजारीण : हात धुवायला पाठवली. दोनदा.

काकू : बाई शिस्तीची दिसते. मग हे घट्ट झालेलं थापायचं वर?

शेजारीण : छे! खरी परीक्षा इथून पुढं. आता पाणी. त्या एकाच आयसिंगचे पाणी घालून तीन प्रकार करायचे. घट्ट असेल ते पानाच्या शिरा, भोपळ्याचं देठ, सूर्यफुलाच्या पाकळ्या यांना. मधलं, ते कडेच्या रेघेला. पातळ, ते आत भरायला. आधी कडेनं बांध घालायचा, तो धरला की मग आत पाणी सोडायचं.

काकू : पातळ म्हणजे किती पातळ? डोळ्यांनी कळतं?

शेजारीण : डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं. सुरीनं आयसिंगमध्ये रेघ पाडायची आणि आकडे म्हणायचे. पंधरा ते वीस सेकंदांत रेघ बुजली तर बरोबर. पाचांतच बुजली तर जास्त पातळ. कडेवरून ओघळणार, वाळायला वेळ लावणार, शेजारच्या रंगात शिरणार. तिसापर्यंत मोजलं तरी रेघ दिसतेय म्हणजे घट्ट. वरचा भाग गुळगुळीत होणार नाही. ही बाई पाणी चमच्यानं घालत नाही, फवाऱ्याच्या बाटलीनं घालते. एक फवारा, परत ढवळ, परत मोज. ढवळायचंही हळू. जोरात ढवळलं तर बुडबुडे होतात आणि वाळल्यावर तिथं भोकं पडतात.

काकू : आणि रंग?

शेजारीण : त्याचीच तर मारामारी. लाल, नारिंगी, पिवळा, तपकिरी, असे फॉलचे चार रंग धरा. प्रत्येक रंग दोन जाडीत, एक कडेला, एक भरायला. म्हणजे आठ पायपिंग बॅगा. आठ वाट्या, आठ चमचे, आठ वेळा सेकंद मोजणं. रंगही जेलचा घ्यायचा. पाण्यासारखे थेंबाचे रंग घातले तर मोजलेली जाडी परत बिघडते.

काकू : आठ बॅगा भरायलाच तास गेला असेल. आणि अजून बिस्किटाला हात लागलेला नाही.

शेजारीण : आणि रंग कालवल्यावर जो दिसतो तो खरा नसतो, वाळताना गडद होतो. लाल तर फार. म्हणून ती आदल्या दिवशीच रंग करून झाकून ठेवते आणि हव्या त्या रंगाच्या थोडं अलीकडेच थांबते. लाल करायचा म्हणून रंग ओतत बसलं तर जीभ लाल होते आणि चव कडवट. अजून एक युक्ती सांगते. बाटलीतला नारिंगी जसाच्या तसा वापरला तर भोपळा खेळण्यातला दिसतो. पिवळ्यात, नारिंगीत, लालमध्ये तपकिरीचं बोट लावायचं, की सगळे रंग एका ऋतूतले होतात.

काकू : हे मात्र पटलं. हे बघ, ही आमच्या दारातल्या मेपलची पानं. सकाळपासून ओढतेय. एकाच पानात चार रंग आहेत, पण एकही भडक नाही.

शेजारीण : अहो, ते पान पोत्यात टाकू नका! इकडे द्या. तिच्याकडे टेबलावर खरी पानंच ठेवतो आम्ही. हे हिरवं मागं हटलंय ना, ते क्लोरोफिल. दिवस लहान झाले की झाड ते बनवायचं थांबतं. खाली पिवळा आणि नारिंगी आधीपासूनच असतो, फक्त हिरव्याखाली दिसत नाही. लाल मात्र बहुतेक आत्ता नव्यानं तयार होतो. आणि कशापासून माहितीय? साखरेपासून.

काकू : काहीतरीच!

शेजारीण : खरंच. दिवसा स्वच्छ ऊन असेल तर पान साखर बनवत राहतं. रात्र थंड असेल तर ती साखर फांदीकडे जायला वाट अडते आणि पानातच साठते. त्या साखरेच्या आधारानं लाल रंग तयार होतो, त्याला अँथोसायनिन म्हणतात. म्हणून उन्हाचे दिवस आणि गार रात्री असल्या की त्या वर्षी पानं जास्त लाल.

काकू : म्हणजे झाडही साखरेचंच रंगकाम करतंय. आणि फुकट करतंय! त्याच्याकडे घरचा भाव नाही मागत कुणी.

शेजारीण : आता पान कसं करायचं ते बघा. कडेनं रेघ. मग आत पिवळा भरायचा आणि तो ओला असतानाच मधल्या शिरेजवळ नारिंगीची रेघ, टोकांना लालचे ठिपके. लगेच टूथपिकनं मधून टोकाकडे ओढायचं. रंग एकमेकांत उतरतात आणि खऱ्या पानासारखा मिलाफ होतो. दोन-तीन मिनिटांत वर पापुद्रा धरतो, तेवढ्यात हात चालला पाहिजे.

काकू : आणि भोपळा? त्याला फाका असतात.

शेजारीण : भोपळ्याला उलटं, तिथं थांबायचं. एकाआड एक फाक भरायची, पहिली, तिसरी, पाचवी. अर्धा तास पंख्याखाली ठेवायच्या. वर पापुद्रा आला की मधल्या भरायच्या. सगळ्या एकदम भरल्या तर एकच गोळा होतो, फाका दिसत नाहीत. ओकच्या फळालाही तसंच, खालचं बी आधी, टोपी नंतर. टोपीवर घट्ट आयसिंगची जाळी.

काकू : आणि झाल्यावर डब्यात.

शेजारीण : कुठलं! आठ तास तर नुसतं भरलेलं वाळायला. मग वर शिरा, ठिपके, डोळे काढायचे आणि परत रात्रभर ठेवायचं. बारीक जागा असेल, म्हणजे फळाचं देठ किंवा पक्ष्याची चोच, तर वाळताना मध्ये खळगा पडतो. म्हणून तिथं आयसिंग थोडं घट्ट ठेवायचं आणि भरल्याबरोबर पंख्याखाली सरकवायचं. पंख्यानं चकाकीही येते. हवा दमट असेल तर मात्र देवच राखो. मुंबईत जुलैमध्ये हे करायला बसाल तर तिसऱ्या दिवशीही बोटाला चिकटेल. इथं ऑक्टोबरात हवा कोरडी असते म्हणून निभतं.

काकू : म्हणजे गुरुवारी पीठ, शुक्रवारी भरणं, शनिवारी नक्षी आणि रविवारी द्यायचं.

शेजारीण : रविवारी सकाळी एकेक कुकी पिशवीत सील करून.

काकू : बरं, ती विकते ते रीतसर ना? इथं प्रत्येक गोष्टीला कागद लागतो म्हणून विचारते.

शेजारीण : रीतसर आहे, आणि ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत न्यू जर्सीत घरी भाजलेली कुकी विकणं बेकायदा होतं! देणगी म्हणून शाळेच्या विक्रीला द्या, चालेल. स्वतःसाठी पैसे घेतले की गुन्हा. देशातलं हे शेवटचं राज्य होतं जिथं अशी बंदी उरली होती. घरी बेकिंग करणाऱ्या बायकांनी संघटना केली, २०१७ मध्ये कोर्टात गेल्या आणि शेवटी सरकारनं नियम बदलले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून परवाना मिळायला लागला.

काकू : बायका कोर्टात गेल्या, बिस्किटांसाठी! शाब्बास. परवान्याला काय पडतं?

शेजारीण : दोन वर्षांना १०० डॉलर. शिवाय अन्न सुरक्षेची परीक्षा द्यावी लागते. वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंतच विक्री. फ्रीजमध्ये न ठेवता टिकतील असेच पदार्थ. म्हणून कुकी चालते, श्रीखंड नाही. काम चालू असताना स्वयंपाकघरात मांजर-कुत्रं येऊ द्यायचं नाही.

काकू : नवरा?

शेजारीण : नवऱ्याबद्दल काही लिहिलेलं नाही. आणि प्रत्येक पाकिटावर छापावं लागतं की हा पदार्थ आरोग्य खात्यानं न तपासलेल्या घरच्या स्वयंपाकघरात केला आहे.

काकू : म्हणजे शंभर डॉलर भरायचे आणि वर स्वतःच लिहायचं की आम्हाला कुणी तपासलेलं नाही! पुण्यात असं लिहिलं असतं तर एक चकली खपली नसती. तिचं धाडस आहे हो.

शेजारीण : आता त्या पैठणीवाल्या बाईंचं दुसरं मागणं ऐका. भाव तर कमी करच, आणि वर बारा कुकीज बिनअंड्याच्या हव्यात, मंडळाच्या दसऱ्याला वाटायला.

काकू : होतं का तसं?

शेजारीण : होतं. कुकीत अंड्याऐवजी दोन-तीन चमचे दूध घालतात. आयसिंगला काबुली चण्याचं पाणी.

काकू : छोल्यांचं? आपण फेकून देतो ते?

शेजारीण : तेच! २०१४ मध्ये एका फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं की कडधान्य शिजवलेलं पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस धरतं. तो संगीत क्षेत्रातला होता, आचारी नव्हे. पुढच्या वर्षी एका अमेरिकन माणसानं त्याला अ‍ॅक्वाफाबा नाव दिलं. चण्यातली प्रथिनं आणि पिष्ट पाण्यात उतरतात, त्यांचं काम ते. फेटताना लिंबाचा रस पिळायचा, फेस टिकतो. वास राहत नाही, पण वाळायला वेळ जास्त लागतो आणि वाळल्यावर आयसिंग जरा नाजूक असतं.

काकू : माझ्या आईनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, कढण राहिलं बाजूला, यांनी त्याची नक्षी केली! आकार कसला द्यायचाय त्या बारांना?

शेजारीण : आपट्याचं पान.

काकू : अगं बाई! साचा मिळतो?

शेजारीण : नाही मिळत. ती हृदयाचा साचा घेते, खालचं टोक सुरीनं कापून गोल करते. वर खाच असतेच.

काकू : तिला सांग, पान रुंदीला जास्त हवं, लांबीला कमी. पुण्यात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं खपवतात. कांचनाचं मोठं आणि पातळसर, आपट्याचं लहान, जाड आणि खरखरीत. निदान बिस्किटात तरी खोटं नको. आणि रंग?

शेजारीण : सोनेरी. आधी फिकट पिवळं आयसिंग, ते पूर्ण वाळलं की वरून सोनेरी भुकटी ब्रशनं. भुकटी पाण्यात कालवली तर खालची साखर विरघळते आणि चिकचिकतं. म्हणून व्होडकात कालवतात.

काकू : दसऱ्याच्या सोन्याला दारू!

शेजारीण : उडून जाते हो ती! फार तर लिंबाचा अर्क घेतात. त्यातही अल्कोहोलच असतं, पण बाटलीवर लिंबाचं चित्र असतं.

काकू : मग चित्राची घ्या. आणि ती भुकटी पोटात गेलेली चालते?

शेजारीण : हा खरा मुद्दा. पाकिटावर "खाण्यायोग्य" लिहिलेलं असावं आणि घटकांची यादी छापलेली असावी. नुसतं "विषारी नाही" एवढंच असेल तर ती खायची नसते, फक्त दिसायची असते. न खाण्याची चकाकी केकवर वापरल्यामुळं इथं मुलं आजारी पडली. रोग नियंत्रण विभागानं २०२१ मध्ये त्याचा अहवालही काढला. काही भुकट्यांत तांबं आणि शिसं सापडलं होतं. अशी भुकटी मिळते स्वस्त, आणि म्हणूनच धोका.

काकू : ऐक, आता हिशेब करू. बोटं मोजते मी. डझनाला लोणी, साखर, मैदा, मेरिंग पावडर, रंग, बॅगा, पिशव्या, खोका. किती?

शेजारीण : दहा-बारा डॉलर धरा.

काकू : बारा धर. नेहमी वरचा आकडा धरायचा. हात चालतोय तो वेळ किती? वाळायचा सोड, वाळताना आपण भाजी निवडतो.

शेजारीण : मळणं, लाटणं, कापणं, भाजणं, रंग कालवणं, भरणं, नक्षी, भांडी, पॅकिंग. डझनाला चार-पाच तास.

काकू : पाच. साठातून बारा गेले, अठ्ठेचाळीस. पाचांनी भाग. तासाला साडेनऊ डॉलर पडले. इथं मजुरी काय आहे?

शेजारीण : न्यू जर्सीत १ जानेवारी २०२४ पासून किमान मजुरीच तासाला १५.१३ डॉलर झाली, आणि तेव्हापासून आणखी वाढलीय.

काकू : म्हणजे पंधरानं पाच तासांचे पंचाहत्तर, त्यात सामानाचे बारा, सत्त्याऐंशी. ही साठ घेते! दुकानात झाडू मारणाऱ्याला कायद्यानं मिळतं तेवढंही ही बाई स्वतःला देत नाही.

शेजारीण : दोन डझन एकदम केले तर वेळ दुप्पट नाही लागत, साडेसात-आठ तासांत होतात. म्हणून ती दोन डझनांखाली ऑर्डर घेत नाही आणि रंग चारांच्या वर वाढवू देत नाही.

काकू : बरोबर करते. तरी बघ, एकशेवीसातून चोवीस गेले, शहाण्णव. आठांनी भाग, बारा. अजूनही मजुरीच्या खालीच. आणि फुटलेल्या किती? माझ्या फराळात कडबोळी नेमकी डब्यात भरताना मोडायची.

शेजारीण : ती दर दोन डझनांमागे दोन-तीन जास्त भाजते. मेपलच्या पानाचं देठ मोडतंच मोडतं.

काकू : तो खर्च धरलाच नाही आपण. परीक्षेचाही नाही, परवान्याचाही नाही, विजेचाही नाही.

शेजारीण : गंमत सांगू? इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं १८४० मध्ये. केक होता जवळजवळ ३०० पौंड वजनाचा, वर रॉयल आयसिंग. २०१६ मध्ये त्या केकचा एक तुकडा लिलावात गेला, दीड हजार पौंडांना. खायचाही नव्हता, नुसता बघायचा.

काकू : तिथं कुणी म्हणालं नाही ना, "आपली राणी, घरचा भाव सांगा"? मग झालं तर. मला विचारशील तर खायला मी माझी नानकटाईच घेईन. हे फार गोड, आणि आयसिंग दातांखाली कडकडणार. पण चवीचा प्रश्न वेगळा आणि मजुरीचा वेगळा. त्या पैठणीवाल्या बाईंना स्वस्त हवं असेल तर त्याला रस्ते आहेत. एक म्हणजे नक्षी कमी करा. चार रंगांऐवजी दोन घ्या, भोपळ्याच्या फाका काढू नका, सपाट भरा आणि वर एक देठ. वेळ अर्धा होईल, भावही उतरेल, आणि यात कुणाचा अपमान नाही. दुसरं म्हणजे सगळ्याच नक्षीच्या नकोत. साध्या साखर भुरभुरलेल्या दोन डझन घ्या आणि नक्षीची एकेक वर ठेवा. तिसरा रस्ता सर्वांत सोपा. पीठ, मेरिंग पावडर आणि फवारा विकत घ्या, नातीला शेजारी बसवा आणि घरी करा.

शेजारीण : हे त्यांना सांगणार कोण?

काकू : मी सांगते. दसऱ्याला भेटतीलच मंडळात. आणि निळ्या दारवालीला माझा निरोप दे. आपट्याच्या त्या बारा बिनअंड्याच्या पानांतली दोन माझ्या नावानं ठेव म्हणावं, उपवास सुटला की नेईन. पूर्ण भाव देईन. आणि फॉलच्या डझनाचे तिनं पुढच्या वर्षीपासून पंचाहत्तर घ्यावेत. ओळखीच्यांकडून तर नक्कीच घ्यावेत, कारण तीन दिवसांचं काम आहे हे ओळखीच्यांनाच सगळ्यांत आधी ठाऊक असायला हवं.